मेव्हण्याच्या हातातला दोर

धुळाप्पा विहिरीत उतरायचा तो डोळे मिटून. गढूळ हिरव्या पाण्यात डोळे उघडे ठेवून दिसणार काय? तळाशी पोचला की तो बोटांनीच सगळं पाहायचा: ही कपार, हा निखळलेला चिरा, ही कुणाची तरी घागर. सोलापूरच्या आसपास, देगाव-बाळ्यापासून पार वैराग-मोडनिंबपर्यंत, कुणाचं भांडं विहिरीत गेलं किंवा इंजिनाचा फूटव्हॉल गाळात रुतला आणि गळ टाकून टाकून लोक दमले, की सायकलवरून धुळाप्पाला निरोप यायचा. बुटका माणूस, छाती पिंपासारखी, डोक्याला घट्ट पटका. पाण्यानं उजव्या कानाला कायमचे दडे बसलेले, म्हणून बोलणाऱ्याकडे डावा कान करून उभा राहायचा. नवख्याला वाटे, हा तोंड फिरवून उभा आहे. पण तो ऐकत असायचा, आणि बहुतेकांपेक्षा नीट ऐकायचा.

तो एकटा कधीच उतरत नसे. काठावर दोर धरायला बिरप्पा असायचा. बिरप्पा त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यांच्या घराण्यात ही रीतच होती. दोर सख्ख्या भावाच्या हातात द्यायचा नाही. भावाभावांत रानावरून, मेंढरांवरून कधी काय बिनसेल सांगता येत नाही. दोर मेव्हण्यानं धरायचा, कारण तो आपल्या बहिणीचं कुंकू पाण्यात जाऊ देणार नाही. आणि धरायचा म्हणजे हातातच धरायचा. झाडाला, खुंटाला बांधलेल्या दोराला धुळाप्पा दोर म्हणतच नसे, ‘दावं’ म्हणायचा. धरणाऱ्यानं बसायचं नाही, बिडी ओढायची नाही, कुणी कितीही बोलवलं तरी बोलायचं नाही. खालून एक हिसका आला म्हणजे सगळं ठीक. वरून लगेच तसाच एक परत द्यायचा. खालून तीन आले की ओढून घ्यायचं. एवढीच त्यांची बोली. तिच्या भरवशावर धुळाप्पा लग्न झाल्यापासून अंधारात उतरत आला होता.

बिरप्पा दाजींच्या उलट. उंच, सावळा, देखणा. टेरेलीनचा शर्ट, तेल लावून मागे वळवलेले केस. विहिरीवर गर्दी जमायची ती मात्र धुळाप्पाला बघायला. तो वर आला की बायका हसायच्या, पोरं टाळ्या पिटायची, आणि बिरप्पा गर्दीकडे पाठ करून दोर गुंडाळत असायचा. मोडनिंबला एकदा विहिरीत पडलेला देवाचा चांदीचा मुखवटा धुळाप्पानं काढून दिला, तेव्हा लोकांनी त्याला हार घातला. बिरप्पानं आपले तळवे पुढे केले.

“दाजी, हार तुमच्या गळ्यात आन् वळ माझ्या हातात. वाटनी ब्येस हाय की!”

सगळे हसले. धुळाप्पानं हार काढून मेव्हण्याच्या गळ्यात घातला. पण तोवर लोक मुखवट्यामागून देवळाकडे निघाले होते. तो हार बिरप्पानं येताना एसटीच्या खिडकीतून टाकून दिला. धुळाप्पानं ते पाहिलं होतं. मी इथल्या शाळेत शिकवायची; पुष्कळ दिवसांनी मला सांगताना तो म्हणाला, “बाई, तवाच समजाया पायजे हुतं. पर मला वाटलं, फुलं सुकली म्हनून टाकला.”

शहात्तर सालची गोष्ट. आमच्या ओळखीचे त्रिंबकसर इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुद्री जीव पाहिलेले ते फक्त बरणीत, रंग उडून गेलेले. कोकणकिनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेला एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर नाना तऱ्हेचे जीव वस्ती करून राहतात, असं त्यांनी ऐकलं होतं. मुंबईच्या एका स्नेह्याकडून त्यांनी पाण्यात श्वास घेण्याचे दोन संच मिळवले: पाठीवर हवेची टाकी, तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, पायांत रबरी पंजे. मासेमारीची एक लाँच ठरली. राहिला प्रश्न सोबत उतरणाऱ्या माणसाचा. कुणीतरी धुळाप्पाचं नाव सांगितलं.

होटगी रोडच्या एका मळ्यातल्या मोठ्या विहिरीत सरांनी त्याला शिकवलं. पहिल्या दिवशी तो वर येऊन म्हणाला, “पान्यात श्वास घ्यायचा म्हंजे चोरी केल्यागत वाटतंय, सर.”

“सवय होईल. आणि धुळाप्पा, डोळे उघडे ठेवा.”

“हितं हाय काय बघाया?”

“इथं काही नाही. तिथं आहे.”

दोरावरून थोडा वाद झाला. सर म्हणाले, या संचाबरोबर दोर लागत नाही; दोघांनी जोडीनं उतरायचं आणि एकमेकांकडे लक्ष ठेवायचं. धुळाप्पानं डावा कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर हाय, सर. पर तुमी कुटं आमचे मेव्हणे?”

सरांना हसू आवरेना. दोरही घ्यायचं ठरलं आणि बिरप्पालाही.

निघायच्या दिवशी शिवबाई, म्हणजे धुळाप्पाची बायको, एसटी स्टँडवर आली होती. विड्या वळून चरितार्थाला हातभार लावणारी, मोजकं बोलणारी बाई. भावाला एवढंच म्हणाली, “बिरू, दोर.”

“आक्का, हाताला चिकटवून आनतो की! काळजी कसली करतीस?”

लाँच किनारा सोडून बराच वेळ चालली. चहूकडे पाणीच पाणी असताना तांडेलानं शिसं बांधलेली दोरी सोडून पाहिली आणि म्हणाला, डोंगर आला. धुळाप्पानं इकडे तिकडे पाहिलं. “कुटं हाय?” तांडेलानं पायाखाली बोट दाखवलं.

त्या दिवशी सर आणि धुळाप्पा जोडीनं उतरले, पण थोड्याच वेळात सरांचा कान ठणकू लागला आणि त्यांना परतावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कानाला कापूस लावून ते म्हणाले, आता राहू दे. धुळाप्पाच म्हणाला, एवढ्या लांब आलोय, मी जाऊन येतो. दोर हाय, बिरप्पा हाय. सरांनी मन घट्ट करून होकार दिला. बारा परसांखाली, म्हणजे सत्तरेक फुटांखाली जायचं नाही, श्वास जड लागला की टाकीच्या बाजूची राखीव हवेची दांडी ओढायची आणि तडक वर निघायचं, वर येताना आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, असं पुन्हा एकदा बजावलं. मग ते बरण्या मांडायला खाली खोलीत गेले.

पुढचं मी धुळाप्पाकडूनच ऐकलं, तुकड्या-तुकड्यांनी.

तो डोळे उघडे ठेवून उतरला. आधी नुसती निळाई. चादरीच्या मागावर ताणा भरावा तसे उजेडाचे धागे वरून खाली ताणलेले. मग त्या निळाईतून डोंगराचा माथा वर येऊ लागला. खडक म्हणून दिसेचना, सगळं उगवलेलं. पोवळ्यांची झुडपं, काही हरणाच्या शिंगांसारखी, काही आपल्याकडच्या हिवरासारखी वरून सपाट, त्यांच्या सावलीत लाल डोळ्यांचे मासे दुपारच्या मेंढरांसारखे दाटीनं उभे. जांभळ्या जाळीचे पंखे प्रवाहात डोलत होते. पोपटी अंगाचे थोराड मासे दगड कुरतडत होते, आणि त्याचा आवाज येत होता.

“आवाज?” मी विचारलं.

“व्हय बाई. मेंढरं वाळला कडबा खातात न्हवं, कुर्र कुर्र, तसा. येवढ्या खोल पान्यात मला माझ्या बापाचा मेंढरांचा वाडगा ऐकाया आला.”

पिवळ्या माशांचा हा एवढा कळप समोरून आला आणि कुणी न हाकता एका दमात वळला. कपारीतून शेवंडानं लांब मिशा बाहेर काढून याची चौकशी केली. एक कासव वर हवा घ्यायला निघालं होतं, ते याच्याकडे म्हाताऱ्या माणसासारखं पाहत गेलं. माथ्याच्या कडेला डोंगर एकदम तुटला होता आणि खाली काळंभोर होतं. त्या कड्यावरून एक वाघळी, पंख पसरलेला चपटा मोठा मासा, आली, घोंगडं वाऱ्यावर उडावं तशी, आणि याच्या डोक्यावरून सावली टाकत निघून गेली.

जन्मभर ज्यानं पाण्याखाली फक्त बोटांनी पाहिलं, त्याला हे एकट्याला सोसवेना. त्यानं दोराला हिसका दिला. एक. सगळं ठीक. वरून लगेच एक परत आला. त्याला बरं वाटलं. मग जे जे दिसे त्याला तो एक हिसका देऊ लागला. कासवाला एक, वाघळीला एक. दर वेळी वरून जवाब येत होता. त्याच्या मनात येत होतं, बिरप्पा वरून म्हणतोय, बघा दाजी, बघा, डोळं भरून बघा. वर गेल्यावर बिरप्पाला ते सगळं सांगायचं, सरांच्या मिनतवाऱ्या करून त्यालाही एकदा या डोंगरावर उतरवायचं, तेव्हा दोर आपण धरायचा. असं त्यानं तिथंच ठरवलं.

त्या नादात तो जास्तच थांबला. श्वास जड लागला तेव्हा त्यानं दांडी ओढली आणि दोराला तीन हिसके दिले.

वरून एक आला.

त्यानं पुन्हा तीन दिले. पुन्हा एक. थोड्या वेळानं आणखी एक, न विचारता.

कुणी ओढून घेईना, तेव्हा तो दोर धरून स्वतःच वर निघाला, सरांनी सांगितलं होतं तसा, बुडबुड्यांच्या मागे, श्वास सोडत. अर्ध्यावर आल्यावर लाँचचं पोट दिसू लागलं. लाट आली की लाँच उचलली जाई आणि दोर ताठ होऊन एक हिसका बसे. लाट गेली की दोर ढिला. पुन्हा लाट, पुन्हा हिसका. धुळाप्पा दोर धरून तिथंच जरा लोंबकळला. आपण इतका वेळ कुणाशी बोलत होतो, हे त्याला कळलं.

डोकं वर काढलं तेव्हा दोर लाँचच्या कडेच्या लोखंडी खुंटाला गुंडाळून गाठ मारलेला होता. बिरप्पा पलीकडून धावत आला आणि त्यानं गाठीवर हात ठेवला.

“हातातच हुता की, दाजी! आत्ताच गुंडाळला, तुमाला वर घ्यायाला.”

खलाशांनी धुळाप्पाला वर घेतलं. त्यानं आधी स्वतःच्या तोंडावरचा मुखवटा काढला. तो काढला की डोळ्यांभोवती रबराचा लाल गोल वळ उठतो आणि बराच वेळ जात नाही. समोर उभ्या असलेल्या, दिवसभरात पाण्याला बोटही न लावलेल्या बिरप्पाच्या डोळ्यांभोवती तसाच वळ होता.

“बिरप्पा, मी खालून काय सांगितलं तुला?”

“ठीक हाय म्हनून. मी बी जवाब दिला की.”

“किती बारी?”

बिरप्पानं जरा विचार केला. “दोन-तीन बारी. का वो?”

धुळाप्पानं अंगावरचा दोर सोडला. सर वर आले, धुळाप्पानं खालून पिशवीत आणलेले जीव बघून हरखले, “काय काय पाहिलंत?” म्हणाले. “लई हाय, सर,” एवढं म्हणून तो टाकी उतरवायला बसला.

घडलं होतं ते इतकंच: सर मधेच वर येऊन येरझारा घालत असताना बिरप्पानं दुसरा संच अंगावर चढवून म्हटलं होतं, माझा एक फोटो काढा की. सरांच्या गळ्यात कॅमेरा होताच; दोर पक्का बांधलेला त्यांनी पाहिला होता, आणि त्यांच्या लेखी त्या दोराचं महत्त्व तेवढंच होतं. त्यांना दोष देता येत नाही. फोटोसाठी कितीसा वेळ लागतो? पण फोटो काढून सर पुन्हा खाली गेल्यावरही बिरप्पा खलाशांना तो मुखवटा, ते पंजे दाखवत, चालून हसवत बसला. पहिल्यांदाच सगळी माणसं त्याच्याकडे तोंड करून उभी होती.

सोलापूरला आल्यावर धुळाप्पानं विहिरीत उतरणं बंद केलं. कान दुखतोय म्हणाला. निरोप घेऊन येणारी माणसं परत जाऊ लागली. आमच्या शाळेची विहीर लहान आणि गोड्या पाण्याची. तिथं पाणी शेंदून माठ भरायला तो येऊ लागला. मुलं त्याच्याभोवती गोळा व्हायची. “मामा, समुद्रातलं सांगा!” तो सांगायचाही. पोपटी मासे, कासव, वाघळी. मुलं श्वास रोखून ऐकायची. पण वाघळीच्या पुढे तो कधी गेला नाही. तिथं आलं की घागर उचलायचा. आयुष्यात डोळे उघडे ठेवून जे एकदाच पाहिलं, ते आठवायचं तर त्याला दोराचा तो हिसकाही आठवावा लागत होता.

बिरप्पाला सरांनी कॉलेजात प्रयोगशाळेच्या कामाला लावून घेतलं. खाकी कपडे आले, सायकल आली. समुद्रात उतरलेला माणूस म्हणून लोक त्याला ओळखू लागले आणि त्यानं कुणाला अडवलं नाही. धुळाप्पानंही कुणाला काही सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. सांगणार काय? दोर ज्या भरवशावर दिला तो भरवसा ती स्वतः होती.

शिवबाईला वाटू लागलं, नवरा जळतो आहे. “माझ्या भावाचं बरं झालेलं बघवत न्हाय तुमाला,” ती म्हणायची. “आवं, जन्मभर तुमचा दोर धरला त्येनं! त्येच्याकडं जेवाया बी जात न्हाई तुमी.” धुळाप्पा तिच्याकडे उजवा कान करून बसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात बिरप्पाला मुलगा झाला. बारशाला शिवबाई आत्या म्हणून गेली. नाव तीच ठेवणार होती. ओसरीवर पाहुण्यांना दिसेल असा एक नवा कोरा फोटो फ्रेम करून टांगला होता. टाकी, नळी, मुखवटा, छाती पुढे काढून उभा असलेला बिरप्पा. बायका म्हणत होत्या, बघा बाई, वळखू येत न्हाय! शिवबाईही कौतुकानं बघायला गेली. तिनं भावाला पाहिलं, आणि मग त्याच्या मागे पाहिलं. मागे लाँचची कड होती, कडेला लोखंडी खुंट होता, खुंटाला दोर गाठ मारून बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक पाण्यात गेलं होतं. आपल्या हातानं पीळ घातलेला दोर तिला ओळखू न येता तरच नवल. त्याच्या खालच्या टोकाला कोण होतं, हेही तिला कुणी सांगायला लागलं नाही.

तिनं नाव ठेवलं. बाळाच्या कानात ठरलेलं नाव सांगितलं, पाळण्याची दोरी ओढली, घुगऱ्या वाटल्या. आत्याला नेसवायला आणलेलं लुगडं मात्र तिनं पाळण्याच्या कडेवर तसंच घडीचं ठेवलं. बिरप्पा मागून आला, “आक्का, लुगडं इसरलीस की.”

“इसरले न्हाय,” ती म्हणाली आणि घरी आली.

घरी आल्यावर नवऱ्याला तिनं विचारलं, “का सांगितलं न्हाय मला?” धुळाप्पा म्हणाला, “तुला भाऊ येकच हाय.” हे मला तिनंच सांगितलं, विड्या वळता वळता, वर न बघता.

त्याच महिन्यात शाळेजवळच्या मोठ्या विहिरीतला फूटव्हॉल अडकला. इंजिन बंद, वस्तीला पाणी नाही. गळ टाकून झाले. चार माणसं धुळाप्पाकडे आली.

“मी न्हाय उतरत आता. दोर धरायला कोन हाय?”

शिवबाई आतून खांद्यावर दोर घेऊन बाहेर आली. “दोर माझ्या भावाच्या हातात दिला तो माझ्यासाठीच न्हवं? मग माझं मी धरते.”

विहिरीवर गर्दी जमली. आम्हीही शाळेतून गेलो. एक म्हातारबा म्हणाला, “आगं, बाईमानसानं दोर धरायची रीत न्हाय.”

“रीत पाळनारी मानसं बघितली म्या,” ती म्हणाली. पदर खोचून तिनं दोराचा एक वेढा तळव्यावर घेतला, पाय रोवले. त्यानंतर ती बोलली नाही.

धुळाप्पा डोळे मिटून उतरला. थोड्याच वेळात खालून एक हिसका आला. तिनं परत दिला. लगेच दुसरा. परत दिला. पूर्वी तो एका बुडीत एकदाच विचारायचा. त्या दिवशी तो विचारतच राहिला. वर येऊन श्वास घेई, काही न बोलता पुन्हा खाली जाई, आणि तळाशी टेकायच्या आत दोर हलत असे.

एवढ्यात सायकल टाकून बिरप्पा गर्दीतून पुढे आला. खाकी कपड्यांतच होता. कुणीतरी त्याला सांगितलं असावं.

“आक्का, तुला झेपनार न्हाय. दे हिकडं.”

ती पाण्याकडे बघत होती.

“आक्का, येक डाव चुकलं माझं. आक्का, बोल की. लोक बघायल्यात.”

दोर धरणाऱ्यानं कुणाशी बोलायचं नसतं. बिरप्पाला ते माहीत होतं. त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला, सायकल उचलली आणि गेला. शिवबाईनं मान वळवली नाही. तिच्या हातातला दोर पुन्हा एकदा हलला, आणि तिनं जवाब दिला.